नांदेड दोन, लातूर सात!

आयुक्तालय नांदेडला की लातूरला? मराठवाड्याच्या माणसासमोर हा विषय काढून बघा. चहा थंड होतो, वाद नाही! मी नांदेडचा, ऑफिसातला शेजारी लातूरचा. म्हणून आम्ही आता आकड्यांची कुस्ती लावतो.

हत्यार एकच, मोबाइलचा कॅलक्युलेटर. एसटीडी कोडमधलं पहिलं शून्य सोडा. नांदेड २४६२, लातूर २३८२. अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच.

नांदेड : ६४२२ - २२४६ = ४१७६, मग ७६४१ - १४६७ = ६१७४. दोन पायऱ्यांत खेळ खल्लास! लातूर : ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला... ६१७४. आता कितीही वजाबाक्या करा, हा पठ्ठ्या हलत नाही. चारही अंक सारखे नसले, की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते.

हा फंडा दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. १९०५ मध्ये डहाणूत जन्म, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ ची गंमत त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितली. पण हौशी मास्तर म्हणून इथल्या अनेक गणितज्ञांनी त्यांना फार मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले.

संख्यांना जाती-गोत्रं देण्यातही ते उस्ताद. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, ती ‘हर्षद’ संख्या, म्हणजे आनंद देणारी. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३. म्हणजे तीही हर्षद! गाड्यांच्या नंबरांत लातूरचा एमएच २४ हर्षद आहे, नांदेडचा २६ नाही. एक गुण लातूरला.

आता मोठा सामना, पिन कोडचा. नांदेड ४३१६०१ : ६४३११० - ०११३४६ = ६३१७६४. पहिल्याच डावात स्थिर, कारण ही संख्या पुन्हा स्वतःच येते. लातूर ४१३५१२ मात्र दुसऱ्या वजाबाकीला ८५१७४२ वर पोचतं आणि सात संख्यांच्या चक्रात गरगरत राहतं. सहा अंकांत सगळ्यांचं घर एक नसतं, बॉस!

आमची दोन्ही शहरं क्लासेसची. तिथे गणित म्हणजे मार्क, मार्क म्हणजे अ‍ॅडमिशन. कापरेकरांना या वजाबाक्यांचे मार्क कुणी दिले नाहीत, तरी ते १९८६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, आकड्यांत रमले. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ज्याला रकानाच नाही, असं एखादं वेड आपल्याकडेही हवं.

तुमचा पिन कोड कुठे थांबतो? बघा तर लावून!