चिमूटभर मातीचं बळ

उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगून पायाला चिकटणारी काळी जमीन आपल्या ओळखीची. हा गुण मुख्यतः तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइटसारख्या खनिजांचा. मॉन्टमोरिलोनाइटचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. एकेका पानाची जाडी साधारण 1 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ही पानं सुटी केली, तर एक ग्रॅम खनिजाचा पृष्ठभाग सुमारे 700 चौरस मीटर भरतो. कबड्डीची पाच मैदानं त्यात सहज मावतील!

प्लास्टिक बळकट करण्यासाठी ही माती त्यात मिसळताना अडचण येते ती पृष्ठभागाचीच. पानांमधल्या सोडियम आयनांमुळे मातीला पाणी प्रिय, तर बहुतेक प्लास्टिकना पाण्याचं वावडं. त्यामुळे मातीच्या गुठळ्या होतात. उपाय असा, की सोडियमच्या जागी लांब कार्बनी शेपूट असलेले अमोनियम आयन बसवायचे. मग पानांमधलं अंतर वाढतं, पृष्ठभाग तेलाशी जुळणारा होतो आणि प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या आत शिरतात.

जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी 1980च्या दशकात नायलॉन-6वर हे करून दाखवलं. जेमतेम 5 टक्के मातीनं, भाराखाली वाकण्याचं तापमान 65 अंश सेल्सिअसवरून 140 अंशांपलीकडे गेलं. पुढे त्यातून मोटारीच्या टायमिंग बेल्टचं आवरण बनलं.

असं प्लास्टिक पेटलं, तर मातीची पानं पृष्ठभागावर साचतात आणि त्यांची खपली खालच्या थराला आगीपासून आडोसा देते.

थोडक्यात, माती किती घातली यापेक्षा तिची पानं किती सुटी झाली, हेच महत्त्वाचं.