कळतं, पण वळत नाही: वर्ध्यातली सहा दशकं

चांगलं काय हे ज्याला खरोखर उमगलं, तो जाणूनबुजून वाईट वागूच शकत नाही, असं सॉक्रेटिसचं म्हणणं. ॲरिस्टॉटल अडला तो इथेच. कळतं पण वळत नाही, हा तर माणसाचा रोजचा अनुभव! त्याचं उत्तर होतं सवयीचं: वाद्य वाजवूनच वादक घडतो, तसा न्यायानं वागूनच माणूस न्यायी होतो.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात जगून पाहिला गेला. गांधीजींना सॉक्रेटिस आधीपासून जवळचा. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’चा, म्हणजे सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचा, सारांश त्यांनी १९०८ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये गुजरातीत छापला; १९१० मध्ये मुंबई सरकारनं त्याच्या पुस्तिकेवर बंदी घातली. पण १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले, तेव्हा भर पडला तो व्रतांवर. सत्य, अहिंसा, अस्तेय रोज पाळायचं. सूत रोज काढायचं.

१९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, आता कुष्ठरोगानं जर्जर. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना झोपडी दिली. त्यांच्या जखमा ते स्वतःच्या हातांनी धूत, अंगाला मालिश करत. करुणेचं इतकं स्पष्ट विवेचन मला कुठल्याच ग्रंथात सापडलेलं नाही.

विनोबांनी १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर व्याख्यानं दिली. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, मग काम, क्रोध, मोह, आणि पुढे स्मृतीच ढळते, अशी गीतेतली ती उतरंड. ॲरिस्टॉटलही म्हणतो की विकारानं झपाटलेल्याचं ज्ञान झोपलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसासारखं असतं, असून नसल्यासारखं. दोन्हीकडचं निदान एकच.

एका बाबतीत मात्र वर्धा अथेन्सच्या पुढे गेलं. हातानं राबणाऱ्या कारागिराला सद्गुण साधणार नाही, असं ॲरिस्टॉटल मानत होता. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनं तर हस्तोद्योगच शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला; हीच ‘नयी तालीम’.

विनोबांचं १९८२ मध्ये पवनारला निधन झालं. सेवाग्रामात ‘आनंद निकेतन’ ही नयी तालीमची शाळा आजही चालते. मूल्यशिक्षणाचं पुस्तक लिहायला बसण्याआधी शिक्षकांनी तिथे एक दिवस अवश्य घालवावा.