त्याला ऑफिसचा पत्ता ठाऊक असतो
कामाची जागा, कामाची माणसं : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यातली अंतर्गत समिती पाहिली. त्याच कायद्याचं कलम १२ आज पुन्हा एकदा वाचू. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईने लेखी मागणी केली, तर समिती तिची किंवा त्या पुरुषाची बदली सुचवू शकते आणि तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. म्हणजे बाईला धोका असेल तर तिची कामाची जागा आणि रजा यांत बदल करावा लागतो, हे आपल्या कायद्याने मान्य केलेलं आहे.

पण छळणारा माणूस शेजारच्या टेबलावर न बसता तिच्याच घरात राहत असेल तर? मग हे कलम लागू होत नाही. तिला वेगळी रजा द्यावी, तिची पाळी बदलावी, गेटवर लक्ष ठेवावं, असं तिच्या मालकाला सांगणारा कायदा भारतात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्टाच्या तारखा, भाड्याची खोली शोधणं, मुलांची शाळा बदलणं, हे सगळं त्या आठ दिवसांत बसवायचं. बसत नाही. मग बिनपगारी दिवस वाढतात, ‘सारखी गैरहजर’ असा शेरा पडतो आणि नोकरी जाते. नोकरी गेली की बाहेर पडण्याचा मार्गही बंद होतो, कारण खोलीचं डिपॉझिट तिच्या पगारातूनच भरलं जाणार होतं.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांतला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी ती कधी कोणाला सांगितलेली नाही. तुमच्या कार्यालयात, शाळेत, कारखान्यात वीस बायका काम करत असतील तर त्यांत अशी कोणी नाही, असं धरून चालणं धाडसाचं आहे. आणि त्रास देणारा नवराच असतो असंही नाही. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून मुलीला मारणारा बाप, कंपनीच्या गेटबाहेर मोटरसायकल लावून थांबणारा भाऊ, पगाराचं कार्ड काढून घेणारी सासू, हे सगळे यात येतात.

घर सोडलेल्या बाईला राहण्याचा पत्ता लपवता येतो, फोन नंबर बदलता येतो. नोकरीची जागा मात्र तीच राहते, आणि ती किती वाजता आत जाते, किती वाजता बाहेर पडते, कोणत्या बसने जाते, हे त्याला पाठ असतं. बाई घर सोडते तो काळ सगळ्यांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात. आणि नेमक्या त्याच काळात तिला गाठण्याची खात्रीची जागा म्हणजे तिचं ऑफिस.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताला हे फार मोठी किंमत मोजून कळलं. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये विंडसर शहरातल्या एका रुग्णालयात कामावर असलेल्या नर्सचा तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने खून केला. तो त्याच रुग्णालयात डॉक्टर होता. तो तिला त्रास देतो, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. त्यानंतर प्रांताने कामगार सुरक्षा कायदा बदलला आणि १५ जून २०१० पासून नवी तरतूद लागू झाली. घरच्या हिंसेमुळे कामाच्या जागी कर्मचाऱ्याला इजा होण्याची शक्यता आहे हे मालकाला माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं होतं असं दिसत असेल, तर शक्य ती सगळी वाजवी खबरदारी त्याने घेतलीच पाहिजे. ‘माहीत असायला हवं होतं’ हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काळानिळा दंड, रोजचे पंचवीस फोन, गेटवरचा आरडाओरडा पाहूनही ‘आम्हाला तिने सांगितलं नाही’ म्हणायची सोय त्याने राहत नाही.

ही खबरदारी कशी घ्यायची याची नेमकी यादी कॅलिफोर्नियाच्या कायद्याने केली: बदली, कामाच्या वेळा बदलणं, ऑफिसचा फोन नंबर बदलणं, बसायची जागा बदलणं, कुलूप बसवणं, ऑफिसात घडलेल्या घटनांची नोंद ठेवायला मदत करणं. यातलं काहीच महाग नाही. आपल्याकडे ही यादी कशी उतरेल ते पाहू.

सुरुवात गेटपासून. आपल्या वॉचमनला ‘मी मॅडमचा नवरा’ एवढं सांगितलं की तो खुर्ची देतो, पाणी देतो, वर फोन लावतो. त्यात त्याचा दोष नाही. घरच्या माणसाला अडवायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तिची परवानगी असेल तर सुरक्षा रक्षकाकडे त्या माणसाचा फोटो आणि गाडीचा नंबर असावा. सूचना साधी असावी: आत सोडायचं नाही, ती आत आहे की नाही हेही सांगायचं नाही, आणि लगेच अमुक व्यक्तीला कळवायचं. रिसेप्शनवर आणि टेलिफोनवर बसणाऱ्यांनाही हेच. ‘ती आज आली आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ यांतलं कुठलंही उत्तर धोक्याचं असतं. ‘आम्ही कर्मचाऱ्यांची माहिती फोनवर देत नाही’ हे वाक्य सगळ्यांच्या बाबतीत सारखंच म्हणायची सवय लावली तर कोणाला संशयही येत नाही.

मग ऑफिसातली कागदपत्रं. नोकरीला लागताना भरलेल्या फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ या रकान्यात बहुतेक विवाहित बायकांनी नवऱ्याचं नाव घातलेलं असतं. ती एक दिवस आली नाही की एचआरमधला मुलगा काळजीपोटी त्याच नंबरवर फोन करतो. ती आदल्या रात्री घर सोडून गेलेली असेल तर तो फोन काय करू शकतो याचा विचार करा. तो रकाना बदलायला एक मिनिट लागतं, पण बदलायचा असतो हे कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. तसंच पगाराच्या खात्याचं. खातं संयुक्त असतं, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असतं, बँकेचा एसएमएस त्याच्या मोबाईलवर जातो. तिने नवं खातं दिलं तर पगार त्याच महिन्यापासून तिकडे वळवावा, आणि ‘आता पुढच्या तिमाहीत’ असं म्हणू नये.

बसण्याची जागा रस्त्याकडच्या काचेपासून आत घ्यावी. येण्याजाण्याच्या वेळा आठवड्याला थोड्या बदलाव्यात. कंपनीची बस असेल तर तिचा थांबा बदलावा, आणि संध्याकाळी गाडीपर्यंत कोणीतरी सोबत जावं. बदलीची सोय असणाऱ्या बँका, विमा कंपन्या, शाळा यांच्यासाठी तर दुसरी शाखा हा सरळ उपाय आहे. मात्र नव्या शाखेचं नाव जुन्या शाखेतल्या चहाच्या टेबलावर चर्चेला येता कामा नये. दोघेही एकाच कंपनीत असतील तर हलवायचं त्याला, आणि कंपनीचा फोन, गाडी, ई-मेल वापरून तो धमक्या देत असेल तर तो सरळ शिस्तभंगाचा विषय आहे.

घरून काम करण्याची सवलत मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. तिच्यासाठी ऑफिस हाच दिवसातले आठ तास मोकळा श्वास घेण्याचा काळ असू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत दारं बंद झाली, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाला घरगुती हिंसेच्या तक्रारींसाठी वेगळा व्हॉट्सॲप नंबर सुरू करावा लागला होता.

आणि कळकळीने सांगायची एक गोष्ट: ‘त्याला बोलावून समजूत काढू’ हे करू नका. आपल्याकडच्या भल्या साहेबांना, वयाने वडील असलेल्या मुख्याध्यापकांना हा मोह हमखास होतो. हेतू चांगला असतो. पण तिने बाहेर तोंड उघडलं हे त्याला त्या क्षणी कळतं, आणि त्याचा हिशेब रात्री घरी होतो. समुपदेशन हे शिकलेल्यांचं काम आहे. मुंबई पोलिसांसोबत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आज राज्यभर पसरलेला आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत. १८१ ही हेल्पलाइन आहे. साहेबांनी एवढंच विचारावं, तेही एकांतात: ‘इथून घरी जायला भीती वाटते का? आम्ही काय केलं तर बरं पडेल?’ तिने ‘काही नाही’ म्हटलं तर तिथेच थांबावं, पण दार उघडं ठेवावं. आणि ती जे सांगेल ते फक्त ज्यांना कळणं आवश्यक आहे त्यांच्याकडेच राहावं.

मालकावर बंधन घालणारा कायदा नसला, तरी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा ऑफिसच्या दारापर्यंत येतो, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. कलम १८ नुसार न्यायदंडाधिकारी त्या माणसाला तिच्या नोकरीच्या जागी जायला आणि फोन, मेसेज, पत्र अशा कोणत्याही मार्गाने तिच्याशी संपर्क साधायला मनाई करू शकतात. अर्जाच्या नमुन्यातच त्यासाठी रकाने आहेत, तिला कामावर जाण्यापासून अडवू नये यासाठीसुद्धा. घर आणि पोटगी यांच्या धावपळीत हे रकाने कोरे राहू शकतात. तेव्हा अर्ज लिहिताना वकिलाला किंवा संरक्षण अधिकाऱ्याला ऑफिसचा पूर्ण पत्ता द्या. आदेश मिळाला की त्याची एक प्रत ऑफिसात ठेवावी. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. म्हणजे गेटवर तो उभा राहिला तर रक्षकाला वाद घालत बसायचं कारण नाही, ११२ ला फोन करायचा आणि कागद दाखवायचा.

याच कायद्याच्या कलम २० मध्ये बुडालेल्या कमाईची भरपाई मागता येते. त्यासाठी लागणारा पुरावा ऑफिसकडेच असतो: बिनपगारी दिवसांचा हिशेब, गेटवरची नोंदवही, सीसीटीव्हीचं चित्रण. हे चित्रण आपोआप पुसलं जाण्याआधी काढून ठेवणं हीदेखील मदतच आहे. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, आणि स्त्रियांसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही.

रजेच्या बाबतीत इतर देश पुढे गेले आहेत. फिलिपीन्सने २००४ मध्येच दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून वर्षाला दहा दिवस मिळतात, शिवाय दोन महिन्यांपर्यंत कामाच्या वेळा, जागा बदलून मागता येतात. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून दहा दिवस, आणि तिथला एक बारकावा मला फार समजूतदार वाटतो: ही रजा पगाराच्या चिठ्ठीवर त्या नावाने छापायला बंदी आहे, कारण ती चिठ्ठी घरी कोण वाचतं हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या कराराने घरच्या हिंसेचा कामावर होणारा परिणाम ओळखून तो कमी करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. पण दहा दिवसांची रजा द्यायला कोणत्याही कंपनीला, संस्थेला, पतपेढीला दिल्लीच्या सहीची गरज नाही. संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो.

हे सगळं एचआर असलेल्या जागांचं झालं. आपल्या राज्यातल्या लाखो बायका जिथे काम करतात तिथे एचआर म्हणजे घरची मालकीणबाई असते. घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार ‘त्यालाच द्या, तो येतो घ्यायला’ असा निरोप आला, तर तिला एकटीला गाठून विचारा. पगार तिच्या हातात किंवा तिच्या स्वतःच्या खात्यात द्या. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले यांच्या प्रती आणि दोन साड्या तुमच्या कपाटात ठेवायला सांगा. तिचे दोन दिवस खाडे झाले म्हणून दुसरी बाई शोधू नका. आणि तो सोसायटीत येऊन ‘ती कुठे आहे’ असं विचारू लागला, तर तुमच्या वॉचमनला काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा.

(पुढील लेखांक : रात्रपाळी आणि घरी सोडणारी गाडी)