न सांगता येणारी दाढदुखी

आजी चार दिवस भाकरी खात नाही. ताट पुढे केले की सरकवते, तोंड धुवायला गेले की हात झिडकारते. घरची माणसे म्हणतात, विसरभोळी झाली, आता वयच झालं. दाढ किडली असेल हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला दुखणे सांगता येत नाही. बुद्धीने अधू असलेल्या पोरालाही नाही. गाल दाबून धरणे, एकाच बाजूने चावणे, रात्री ओरडत उठणे हेच त्यांचे सांगणे. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या फुगतात. त्यात पोराला गप्प करायला गोळ्या-बिस्किटे. साखर आपलीच आहे, तरी हे आम्हाला लिहिलेच पाहिजे. आजीची मिसरी तर विचारूच नका.

दाखवावे तर दवाखाना माडीवर. खुर्चीत आडवे केले की आजी घाबरते. काहींना पूर्ण भूल द्यावी लागते, ती सोय मोठ्या रुग्णालयातच.

मार्केट यार्डात माल नेणाऱ्या सभासदांना पुण्याची बिबवेवाडी ओळखीची आहे. तिथे कामगार विम्याचे रुग्णालय आहे. साखर कारखाना पडला हंगामी. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने विम्यातून वगळले, २०२० च्या संहितेतही तेच. म्हणून तिकडे आपले काही काम नाही, असे आपण धरून चालतो. पण आपली कितीतरी मुले चाकण-भोसरीला कंपनीत आहेत. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांची विम्याची वर्गणी कापली जाते. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर, उपचार मिळतात, दातांचेसुद्धा. आणि त्यांचे मूल अपंग व सर्वस्वी त्यांच्यावर अवलंबून असेल, तर ते तीस वर्षांचे झाले तरी नाव निघत नाही. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. मुलाला एकदा कार्ड काढून बघायला सांगा, आपली नावे चढवली आहेत का.

ज्यांच्या घरी विमा नाही त्यांना धनकवडीचे भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय बिबवेवाडीपासून जवळ आहे. शिकाऊ डॉक्टर असतात, पण वडीलधारे डॉक्टर पाठीशी असतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी निरामय योजनेत एक लाखापर्यंत विमा आहे, त्यात दातांचाही खर्च धरला आहे.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात, कलम २५ मध्ये, अपंगांना तपासणीत व उपचारात अग्रक्रम लिहून ठेवला आहे. तेव्हा रांगेच्या शेवटी मुकाट्याने उभे राहू नका, खिडकीवर प्रमाणपत्र दाखवून सांगा. सकाळचा नंबर घ्या, म्हातारं माणूस दुपारनंतर बिथरते. चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका. ज्याचं ते ऐकते, तोच माणूस बरोबर द्या. आणि रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवायची राहू नये.