उपसर्गाचे मोल

पेडणे तालुक्यातील मराठी शाळेत अक्षरओळख झालेला माझ्यासारखा विद्यार्थी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला, तेव्हा रोगांपेक्षा त्यांच्या इंग्रजी नावांचीच धास्ती त्याला अधिक वाटत होती. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेल्या या विद्यालयाची अध्यापनभाषा मुक्तीनंतर इंग्रजी झाली. मी ती नावे केवळ घोकली. त्याचे मोल उमेदवारीच्या काळात कळले.

एका रात्री डिचोलीकडचा एक मधुमेही रुग्ण बेशुद्धावस्थेत येत असल्याचा दूरध्वनी आला. पलीकडून ‘हायपोग्लायसेमिया’ म्हटले गेले; मी ‘हायपर’ ऐकले. इन्सुलिन भरण्यास सांगणार, तोच वयस्क परिचारिका शांतपणे म्हणाल्या, “दोतोर, पयलीं साखर पळोवया.” साखर अवघी ४० होती. रुग्णाला ग्लुकोज हवे होते. इन्सुलिनने त्याचा घात झाला असता.

त्यानंतर मी शब्दांची शवचिकित्सा करू लागलो आणि परक्या वाटलेल्या घरात आपलीच भावंडे भेटली. ग्रीक ‘हायपर’ हा संस्कृत ‘उपरि’चा सगोत्र, तर ‘हायपो’ हा ‘उप’चा. उपाध्यक्ष अध्यक्षांहून एक पायरी खाली, हे ध्यानी धरले की ‘हायपो’ विसरत नाही. ‘डिस्प्निया’तील ‘डिस’ म्हणजे आपल्या दुष्काळातील ‘दुस्’. ‘ॲनिमिया’तील ‘ॲन’ म्हणजे अनारोग्यातील ‘अन्’. ‘ऑस्टिऑन’ आणि अस्थी, ‘हेपार’ आणि यकृत ही नातीही तशीच. ‘हेपाटायटिस’ची घडण ‘यकृतदाह’ या शब्दाप्रमाणेच आहे. शाळेत शिकलेले उपसर्ग, प्रत्यय आणि समास असे दवाखान्यात कामी आले.

मात्र व्युत्पत्ती ओळख करून देते, निदान करीत नाही. ‘ॲनिमिया’चा शब्दशः अर्थ रक्ताचा अभाव, प्रत्यक्षात उणीव असते ती तांबड्या पेशींची वा हिमोग्लोबिनची. ‘मलेरिया’ म्हणजे इटालियन भाषेत दूषित हवा. पण १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना त्याचे जंतू डासाच्या पोटात सापडले, हवेत नव्हे.

म्हणून माझ्या तरुण व्यवसायबंधूंना एवढीच विनंती : शब्द घोकू नका, उलगडा. दूरध्वनीवर ‘हायपो’ म्हणताना लगेच ‘साखर कमी’ असेही म्हणा आणि आकडा सांगा. आपल्या मुलांना मराठी व्याकरण कशाला, असे विचारणाऱ्या पालकांना मी ही हकिकत सांगतो. त्या रात्री परिचारिकाबाईंनी माझी चूक सावरली. प्रत्येक रात्री कोणी सावरणारे जवळ असेलच, असे नाही.