जुन्या संगणकाचे सीरियल पोर्ट कसे ओळखावेत?



जुना संगणक कुणी दान दिला की विद्यार्थी उत्साहाने तारा जोडू लागतात. तार चुकीच्या जागी दाबली की पिना वाकतात आणि चालते यंत्र अडगळीत जाते. तसे होऊ नये म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

संगणकाच्या मागील बाजूस इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची तोंडे असतात. त्यांत ९ पिना, एका ओळीत ५ व दुसरीत ४, दिसल्या तर तो सीरियल पोर्ट. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकापासून हा प्रकार रूढ झाला. त्याआधी २५ पिनांचा पोर्ट असे. मात्र २५ छिद्रे असतील तर तो प्रिंटरचा पॅरलल पोर्ट समजावा. तीन ओळींत १५ छिद्रे ही मॉनिटरची, तर दोन ओळींत १५ छिद्रे ही जॉयस्टिकची जागा. जुन्या सीजीए मॉनिटरच्या जागेला ९ छिद्रे असत. म्हणून नुसता आकडा मोजू नये. पिन आहे की छिद्र, हेही पाहावे.

पॅरलल पोर्ट ५ व्होल्टवर चालतो, सीरियल पोर्टवर १२ व्होल्टपर्यंत दाब येतो. अदलाबदल झाल्यास पोर्ट जळू शकतो. तार जोडण्यापूर्वी संगणक बंद करावा.

विंडोज असल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' या मथळ्याखाली कॉम-१, कॉम-२ अशी नावे दिसतात.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण येथेही उपयोगी पडते.