अर्जुनसाल, उंदीर आणि केमोथेरपीतलं हृदय

केमोथेरपी चालू असलेल्या घरात एक सल्ला हमखास येतो : "अर्जुनाच्या सालीचा काढा द्या, हृदय सांभाळेल." आज आपण हा सल्ला थट्टेवारी नेणार नाही आणि डोळे मिटून स्वीकारणारही नाही. त्यामागे प्रयोगशाळेतली खरी निरीक्षणं आहेत. ती कुठपर्यंत पोचतात, एवढंच पाहू.

आधी मूळ औषध. डॉक्सोरुबिसिन. लाल रंगाचं, शिरेतून देतात. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, ल्युकेमिया अशा अनेक आजारांत ते फार उपयोगी आहे. अडचण अशी, की त्याची मात्रा आयुष्यभर साठत जाते, म्हणजे हिशोबात साठते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे एकूण ४०० मिलिग्रॅम झाले, तर साधारण ५ टक्के रुग्णांत हृदय निकामी होऊ लागतं. ५५० ला हे प्रमाण २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के. म्हणून डॉक्टर प्रत्येक सायकलची मात्रा मोजून, बेरीज लिहून ठेवतात.

असं का होतं? हृदयाच्या पेशी थकायला मोकळ्या नाहीत. दिवसाला सुमारे लाखभर ठोके, म्हणून त्यांच्यात ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका खच्चून भरलेल्या. डॉक्सोरुबिसिन तिथे जातं, पेशीतल्या लोहाशी जुळतं आणि मुक्त मूलकं तयार होतात. मुक्त मूलकं म्हणजे शेजारच्या रेणूंना ओरबाडणारे अस्थिर कण. त्यांना आवरणारी यंत्रणा हृदयात आधीच कमी. आणि मेलेली हृदयपेशी सहसा पुन्हा उगवत नाही.

इथे वनस्पती येतात. अर्जुनसाल, हळद, द्राक्षाच्या बिया, ग्रीन टी यांत अँटिऑक्सिडंट द्रव्यं भरपूर. मग प्रयोग ठरतो : काही उंदरांना नुसतं डॉक्सोरुबिसिन, काहींना त्याच्या जोडीला अर्क. नंतर रक्तातलं ट्रोपोनिन मोजायचं, हृदयाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. अर्क मिळालेल्या उंदरांची हृदयं कमी बिघडलेली दिसतात. अर्जुनसालीवर असे प्रयोग झालेले आहेत आणि निष्कर्ष आशादायक आहेत.

आता आपण तीन प्रश्न विचारू. असा कुठलाही शोध वाचताना हेच विचारायचे.

पहिला : उंदराला कॅन्सर होता का? पुष्कळ प्रयोगांत नसतो. मग अर्काने हृदयाबरोबर गाठीलाही वाचवलं असतं का, हे कळणार कसं?

दुसरा : अर्क कधी दिला? बऱ्याचदा औषधाच्या आधीपासून. घरी मात्र काढा सुरू होतो तो दोन-तीन सायकल झाल्यावर.

तिसरा : अर्कात नेमकं काय होतं? प्रयोगशाळेतला अर्क विशिष्ट द्रावकात काढलेला, मोजलेला असतो. बाजारातली साल कुठल्या झाडाची, किती जुनी, कशी वाळवलेली, यावर काढा बदलतो.

आणि माणसांचा अनुभव? व्हिटॅमिन ई उंदरांत उपयोगी दिसलं होतं. रुग्णांत हृदय वाचवायला ते कामी आलं नाही. याचं एक कारण पुढे उमगलं. २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की हृदयपेशीतलं टोपोआयसोमरेज-२ बीटा हे एन्झाइम काढून टाकलं, तर उंदरांना डॉक्सोरुबिसिनचा त्रास खूपच कमी होतो. म्हणजे मुक्त मूलकं ही सगळी गोष्ट नव्हेच.

रुग्णांत सिद्ध झालेलं संरक्षक औषध आहे : डेक्सराझोक्सेन. अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पण त्यालाही हाच प्रश्न विचारला गेला, की हे कॅन्सरवरचा परिणाम कमी करतं का? त्या शंकेपायी वर्षानुवर्षं त्याचा वापर मर्यादित ठेवला. मान्यताप्राप्त औषधाला जो प्रश्न विचारतो, तोच काढ्यालाही विचारायला नको का?

शंका हवेतली नाही. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली वनस्पती. इरिनोटेकान या कॅन्सरच्या औषधाबरोबर ती घेतल्यावर रक्तातलं औषधाचं कार्यकारी रूप ४२ टक्क्यांनी घटलं, असं २००२ च्या एका छोट्या अभ्यासात आढळलं. वनस्पतीने यकृताला औषध लवकर निकाली काढायला लावलं होतं. रुग्णाला यातलं काही जाणवत नाही.

म्हणजे वनस्पती बाद? मुळीच नाही. लिम्फोमाच्या एका प्रचलित उपचारात डॉक्सोरुबिसिनच्या जोडीला व्हिन्क्रिस्टीन देतात. ते येतं आपल्या दारातल्या सदाफुलीतून. पण कुणी सदाफुलीचा काढा देत नाही. रेणू वेगळा काढला, मात्रा ठरवली, माणसांवर चाचण्या केल्या. अर्जुनाला हाच रस्ता चालायचा आहे.

तोपर्यंत करायचं काय? केमो सुरू होण्यापूर्वी आणि मधेमधे इको होतोय का, ते विचारा. एकूण मात्रा किती झाली, विचारा. धाप लागली, पायांवर सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. उपचार संपून वर्षं लोटली, तरी नव्या डॉक्टरांना या औषधाचं नाव सांगा, कारण त्रास उशिराही दिसू शकतो. आणि काढा, चूर्ण, गोळी, जे घरात चालू असेल ते कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर ठेवा. ते रागावतील म्हणून लपवू नका. त्यांच्या हिशोबात ती एक वस्तू नसेल, तर हिशोब चुकतो, आणि चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.